किमान बत्तीस

माझ्या भाऊजींना त्यांच्या लॅबमध्ये सगळे ‘अर्धा डिग्री’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कारखान्यांतले, दवाखान्यांतले, डेअऱ्यांतले थर्मामीटर आणि प्रेशर गेज त्यांच्या टेबलावर यायचे. भाऊजी ते आपल्या कपाटातल्या अस्सल मापाशी ताडून बघायचे आणि अर्ध्या डिग्रीचा फरक निघाला तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचे. कुणी कितीही गयावया केली, वरच्या साहेबाचा फोन आणला, तरी चिठ्ठी लालच.

मी प्लंबर. माझा सगळा धंदा अंदाजावर. पाइपाला हात लावला की आत पाणी आहे की हवा हे मला कळतं, आणि बादली किती वेळात भरेल हे मी नळ बघून सांगतो. शितावरून भाताची परीक्षा करणारी माझी जात, आणि भाऊजी शितं मोजणारे. तरी आमचं बरं चालायचं. ताईच्या लग्नात मी शाळेत होतो. तेव्हापासून ते मला अरे-तुरे करत आले आणि मी त्यांना अहो-जाहो.

ते असे का झाले हे मला ताईनं एकदा सांगितलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका लाँड्रीच्या बॉयलरचं गेज त्यांनी घाईत पास केलं. संध्याकाळची वेळ होती, काटा किंचित मागे होता, साहेब म्हणाला, “ठीक आहे, सोडून द्या.” यांनी सोडून दिलं. तीन आठवड्यांनी बॉयलरची झडप उडाली आणि कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईचा चेहरा भाजला. गेजमुळेच झालं असं कुणी सिद्ध केलं नाही. भाऊजींनी मात्र स्वतःपुरतं सिद्ध करून टाकलं. त्यानंतर ‘ठीक आहे’ हे दोन शब्द त्यांनी कुणाच्या तोंडून चालवून घेतले नाहीत. ताईनं केलेल्या आमटीबद्दलसुद्धा नाहीत. “मीठ ठीक आहे म्हणजे? कमी की जास्त?” असं विचारायचे. ताई म्हणायची, “खा आणि सांगा.”

ताई शाळेत पोहायला शिकवायची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, खांदे पुरुषासारखे रुंद, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं पोर पाण्यात सरळ व्हायचं. गावाबाहेरचं ते घर तिनं घ्यायला लावलं ते केवळ मागच्या तलावासाठी. तलाव म्हणजे चोवीस फूट लांब आणि बारा फूट रुंद. मी त्याला हौद म्हणायचो आणि ताई चिडायची. निवृत्त झाल्यावर ती उन्हाळ्याचे चार महिने गल्लीतल्या मुलांना त्यातच शिकवायची. बाकीचे आठ महिने पाणी गार, म्हणून तलाव झाकलेला. गंमत म्हणजे भाऊजींना पोहता येत नाही. बत्तीस वर्षांत तिनं दोन हजार पोरं पाण्यात सोडली असतील, पण नवरा काठावरच राहिला. पाण्याचं तापमान घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

मागच्याच्या मागच्या वर्षी उन्हाळा संपल्यावर, जाळीनं पाण्यावरची पानं काढता काढता ताई खाली बसली. भाऊजींना वाटलं, दमली. जवळ जाऊन बघतात तर तोंड वाकडं आणि डावा हात मांडीवर मेल्यासारखा. तीन आठवडे दवाखान्यात काढले. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली, डावं अंग मात्र गेलं.

घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या बाई यायला लागल्या. बाई तरुण, बोलायला गोड आणि कायम घाईत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिडकीतून तलाव बघितला आणि त्यांचा चेहराच खुलला.

“अहो, हे तर घरातच औषध आहे,” त्या म्हणाल्या. “पाण्यात वजन राहत नाही. जमिनीवर जो पाय उचलत नाही, तो पाण्यात उचलतो. रोज पाण्यात उभं करा यांना. पहिलं वर्ष फार महत्त्वाचं आहे बरं का. या वर्षात सांधे हलते राहिले तर काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आपल्या आपण जातील. नाही राहिले तर आखडतील, आणि एकदा आखडले की मग माझ्या हातात काही नाही.”

“पाणी गार आहे,” भाऊजी म्हणाले.

“गार नको. गार पाण्यानं स्नायू धरतात. कोमट हवं.”

“कोमट म्हणजे किती?”

बाईंनी वर छताकडे पाहिलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो, मला ते आजही दिसतं. छताकडे बघून त्या म्हणाल्या, “बत्तीस धरा.”

भाऊजींनी खिशातलं पेन काढलं आणि वहीत लिहिलं: किमान ३२.

जवळपास कुठे गरम पाण्याचा तलाव नव्हता. होता तो दोन तासांवर, आणि ताईला गाडीत अर्धा तासही बसवत नव्हतं. विजेवर एवढं पाणी तापवायचं तर घराला येणाऱ्या तारांना तो भार झेपणार नव्हता. राहिलं ऊन. ते घरावर भरपूर पडायचं. तेव्हा छपरावर सोलर बसवायचं आणि तलाव तापवायचा, एवढं त्याच दिवशी ठरलं. काय बसवायचं, एवढंच ठरायचं राहिलं.

मध्ये एक गोष्ट घडली नसती तर कदाचित ते लवकर ठरलं असतं. एका दुपारी ऊन छान होतं. ताई हट्टाला पेटली. पाणी साडेसव्वीस होतं, भाऊजी नको म्हणत होते, पण ताई म्हणाली, “ठीक आहे हो. उतरवा मला.” मी आणि भाऊजींनी तिला दोन्हीकडून धरून पायऱ्यांवरून उतरवलं. आणि ताई उभी राहिली. काठ धरून, छातीपर्यंत पाण्यात, स्वतःच्या दोन पायांवर. अर्ध्या तोंडानं हसली ती. मला म्हणाली, “हौद म्हण आता.” सात-आठ मिनिटं झाली असतील. वारा सुटला, ती कापायला लागली, डाव्या पायाला पेटका आला आणि काठावरचा हात सुटून ती सपकन खाली गेली. मी लगेच उचललं. दोन घोट पाणी पोटात गेलं, एवढंच. खोकून झाल्यावर म्हणाली, “काही झालं नाही.” पण भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘ठीक आहे’ म्हटलं, सोडून दिलं, आणि बाई खाली गेली. त्यांना त्यात काय दिसलं ते मला सांगायला नको होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भाऊजी त्या दिवसापासून ताक मोजून प्यायला लागले.

सोलरवाले आले. पहिला काळ्या चटयांचा. या चटया म्हणजे बारीक नळ्यांचे काळे पट्टे. छपरावर अंथरायचे, पंपानं तलावाचं पाणी त्यातून फिरवायचं, उन्हानं तापून ते परत तलावात. त्यांना काच नाही, तांबं नाही, काही नाही. दुसरा तांब्याच्या नळ्या आणि वर काच असलेल्या पेट्यांचा. तिसऱ्या एक बाई होत्या, निर्वात काचनळ्यांच्या. त्यांचं म्हणणं, बाहेर हिमालय असला तरी नळीत उकळतं. तिघांनाही भाऊजींनी एकच प्रश्न विचारला. ढगाळ दिवशी, वारा असताना, सकाळी आठ वाजता तलावातलं पाणी किती डिग्री असेल?

काळ्या चटयांचा माणूस प्रामाणिक होता. “साहेब, ढगाळ दिवशी काहीच नाही होत,” तो म्हणाला. “पण ढग रोज थोडेच असतात? वरून फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद झाका, रात्री गार होणार नाही. अंघोळीचं पाणी वेगळं, तलावाचं वेगळं. तलावाला एवढी कडक उष्णता लागतच नाही. साधं असेल तेच बरं.”

“किती डिग्री?”

“गरम होईल साहेब.”

तांब्याच्या माणसानं छापील तक्ता दाखवला. भाऊजींनी विचारलं, हे कुठल्या थर्मामीटरनं मोजलं आणि तो कुणी तपासला? तो माणूस पुन्हा आला नाही, नमुन्याची पेटी तेवढी पाठवून दिली. काचनळ्यांच्या बाई तीनदा आल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, “काका, तुम्हाला पाणी तापवायचंय की परीक्षा घ्यायचीय?”

परीक्षाच घ्यायची होती. भाऊजींनी तिघांकडून एकेक नमुना मागवला, गच्चीवर तीन निळी पिंपं ठेवली, प्रत्येक पिंपाला एकेक नमुना जोडला. जोडणी मीच करून दिली, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, पंधरा दिवसांचा खेळ. भाऊजी सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला गच्चीवर जायचे. शिवाय तलावाचं तापमान वेगळं. दर रविवारी फ्रीजमधला सगळा बर्फ काढून थर्मामीटर त्यात बुडवून शून्य तपासायचे. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी विचारलं, “काय निघालं?”

“निघेल,” भाऊजी म्हणाले. “वर्ष पूर्ण व्हायला हवं. थंडीत एक जिंकतो, उन्हाळ्यात दुसरा. एका ऋतूवरून निकाल लावणं म्हणजे अर्ध्या काट्यावर गेज पास करणं.”

“भाऊजी, वर्ष ताईकडे आहे कुठे?”

“म्हणूनच चूक परवडणार नाही,” ते म्हणाले. “एकदाच बसवायचंय. बरोबर बसवायचंय.”

त्यांच्या बाजूनं त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. माणूस आळशी असता, चिक्कू असता, बायकोवर माया नसती, तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. भाऊजी रात्री दोनदा उठून ताईची कूस बदलायचे. तिचे केस विंचरायला शिकले, नखं कापायला शिकले. जिना दिवसातून तीनदा चढायचे ते तिच्यासाठीच. पण सांधे वही वाचत नाहीत.

आणि फिजिओच्या बाईंना दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. त्या तीन-तीन महिन्यांनी यायच्या. अंथरुणावरचे व्यायाम त्यांनी दिवसभर येणाऱ्या मदतनीस मावशींना शिकवले होते, त्या आपल्या परीनं करायच्या. बाई आल्या की जाता जाता विचारायच्या, “पाण्याचं काय झालं?” भाऊजी म्हणायचे, “काम चालू आहे.” ते खोटं नव्हतं.

थंडीतली गोष्ट. एका दुपारी मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि सहज पिंपांना हात लावून बघितला. एक पिंप चांगलं कढत. मावशींनी साध्या माणसाच्या बुद्धीनं दोन बादल्या भरून खाली आणल्या आणि ताईचे दोन्ही पाय त्यात सोडून तासभर चोळले. ताईला इतकं बरं वाटलं की तिला झोप लागली. चार वाजता भाऊजी वर गेले, पिंप अर्धं. ते रागावले नाहीत. ते कधी रागवायचे नाहीत, तेच वाईट. खाली येऊन त्यांनी मावशींना नीट समजावून सांगितलं की पाणी काढल्यामुळे आता हा आठवडा बाद धरावा लागेल, आणि आठवडा बाद म्हणजे तेवढं काम पुढे गेलं. ताईनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मावशी बादली घेऊन निघाल्या तर ताईच म्हणाली, “नको गं. त्यांचं मोजमाप बिघडेल.”

हे मला ताईनं हसत सांगितलं. “अरे, मला पिंपातच बसवा म्हणावं,” असंही म्हणाली. मला हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं. घरी जाऊन मी चारशे मीटर काळ्या पाइपाचं वेटोळं गाडीत टाकलं, हत्यारं टाकली, झाकायचा कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उभा राहिलो. दोन दिवसांचं काम होतं. पाइप छपरावर वेटोळं करून अंथरायचा, तलावाचाच पंप जोडायचा. मी शिडी लावली. भाऊजी शिडीच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले.

“यानं किती डिग्री मिळतील?”

“पाणी तापेल.”

“किती?”

“उन्हाळा लागला की हात घालून बघा.”

“हातानं मी आजवर काही पास केलेलं नाही,” भाऊजी म्हणाले. “बत्तीस मिळतील असं सांग, मी स्वतः शिडी धरतो.”

आता मी इथे खरं सांगतो, कारण नाहीतर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मला आकडा माहीत होता. छपराची लांबी-रुंदी, पाइप, तलाव, ऊन, सगळं माझ्या डोक्यात रात्रभर फिरत होतं. थंडी सरली की सत्तावीस-अठ्ठावीस, आणि भर उन्हाळ्यात कागद झाकून एकतीसपर्यंत. हे मी सांगू शकलो असतो. पण चाळीस वर्षं माझ्या हातावर लोकांची घरं उभी आहेत आणि हा माणूस मला शिडीखाली उभं करून उलटतपासणी घेतो, याचा मला राग आला. मी म्हणालो, “तुमच्या वहीलाच विचारा,” आणि शिडी काढून, वेटोळं उचलून परत आलो.

त्यानंतर मी अबोला धरला. ताईकडे जायचो, दर रविवारी. तिच्या खोलीत बसायचो, भाऊजींनी दिलेला चहा प्यायचो, हवापाण्याचं बोलायचो. तलावाचा विषय नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही. उन्हाळा आला, वाढला. तिच्या खिडकीतून तलाव दिसायचा, दुपारी त्याचं चकाकणं छतावर हलायचं. एकदा ताई त्या छताकडे बघत म्हणाली, “पाणी आता बरं असेल रे.”

मी म्हणालो, “नवऱ्याला विचार तुझ्या.”

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.

तिनं विचारलं असेलच. भाऊजींनी एकोणतीस की साडेएकोणतीस असा आकडा सांगितला असेल, आणि आणखी अडीच डिग्री हवी म्हणून समजावलं असेल. ताईनं हट्ट केला नाही. एकदा हट्ट केला होता, त्यात नवऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा तिनं बघितला होता. तिला पुन्हा तो बघायचा नव्हता. अशा रीतीनं आम्ही तिघांनी मिळून तो उन्हाळा घालवला. तिचा डावा गुडघा रोज थोडा थोडा वर दुमडत गेला. मावशी म्हणायच्या, “सरळ करायला गेलं की ओरडतात.”

पुढच्या थंडीच्या तोंडाला भाऊजींचा फोन आला. वर्ष पूर्ण झालं होतं. आवाजात वर्षात कधी नव्हता असा हलकेपणा होता.

“निकाल लागला,” ते म्हणाले. “काळ्या चटया. तलावाला तेच बरोबर. छपराचा मागचा भाग पूर्ण भरायचा, वर कागद झाकायचा आणि सोबत थोड्या काचनळ्या थंडीसाठी. बत्तीसच्या खाली जाणार नाही. बसवायला तूच ये. दुसरा कुणी नको.”

काळ्या चटया म्हणजे पहिल्या दिवशी पहिल्या माणसानं सांगितलं होतं ते. माझं वेटोळं म्हणजे त्याचाच गरीब भाऊ. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गेलो. चार दिवस आम्ही दोघं छपरावर होतो. भाऊजी मला चिमटे, पाने हातात देत होते. ऊन पडलं की पंप आपोआप सुरू व्हायचा, ढग आला की बंद. काम सुरेख झालं, खोटं कशाला बोलू. बाराव्या दिवशी दुपारी पाणी साडेबत्तीस झालं. भाऊजींनी तीन थर्मामीटरनी बघितलं. तिन्ही सारखे. मग त्यांनी फिजिओच्या बाईंना फोन केला आणि गाडी पाठवून त्यांना बोलावून घेतलं.

बाई आल्या. तलावात हात घालून म्हणाल्या, “वा, मस्तच.” मग ताईच्या खोलीत गेल्या. पांघरूण काढून त्यांनी डावा गुडघा धरला आणि सावकाश सरळ करायला लागल्या. निम्म्यावर तो अडला. ताईनं दात आवळले. टाच खाली वळत नव्हती. खुब्याचंही तेच. बाईंनी पाय हळूच खाली ठेवला, पांघरूण घातलं आणि बराच वेळ ते नीटच करत बसल्या.

“मागच्या वेळी एवढं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही होतं, पण एवढं नव्हतं.”

“आता रोज करू,” भाऊजी म्हणाले. “पाणी तयार आहे.”

“करा. शेक मिळेल, बरं वाटेल त्यांना. पण काका, उभं राहण्याचं आता… ते आता नाही व्हायचं.”

तरी आम्ही तिला खुर्चीवरून नेऊन पाण्यात उतरवलं. भाऊजी सदऱ्यासकट आत गेले. पोहता न येणारा माणूस छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला आणि तिला दोन्ही हातांवर धरून होता. तिचा उजवा पाय पाण्यात सुटला, पण डावा पोटाशी दुमडलेलाच तरंगला. तळाला लागला नाही. बाई काठावर उकिडव्या बसल्या होत्या. भाऊजींनी मान वर न करता विचारलं, “बत्तीसच्या खाली चाललं नसतं ना?”

“कधी?”

“आधी. उन्हाळ्यात.”

“चाललं असतं की,” बाई म्हणाल्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. “एकोणतीस, तीस असलं तरी चालतं. दहा दहा मिनिटं करायचं, मध्ये बाहेर काढून टॉवेलनं शेकायचं. बत्तीस मी आपलं अंदाजानं सांगितलं होतं.”

पंप घुर्र करत होता. थोड्या वेळानं भाऊजी म्हणाले, “त्र्याहत्तर दिवस.”

बाईंना कळलं नाही. मला त्या संध्याकाळी वही बघितल्यावर कळलं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी, काहीही न बसवता, निव्वळ वरच्या उन्हानं, त्र्याहत्तर दिवस एकोणतीसच्या वर होतं. भाऊजींनी तो आकडा वहीत कुठे काढलेला नव्हता. तिथे उभ्या उभ्या, बायकोला हातावर धरून, त्यांनी तो मनातल्या मनात मोजला होता.

ताईनं ऐकलं होतं सगळं. तिनं उजवा हात पाण्यातून काढून त्यांच्या ओल्या सदऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, “पाणी छान गरम आहे हो.” मी तिथून उठून पंपाकडे गेलो आणि उगाच एक नट आवळत बसलो.

बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात. पण झोपा असा सुंदर केलेला मी कुठे पाहिला नाही, आणि तो बांधण्यात माझेही हात आहेत. माझ्या शेडमध्ये ते चारशे मीटरचं वेटोळं अजून पडलंय. मी ते वापरत नाही आणि विकतही नाही. बायको म्हणते, अडगळ आहे, फेकून द्या. मी तिला म्हणतो, राहू दे.

ताई पंधरा-वीस वेळा पाण्यात गेली. मग एक दिवस म्हणाली, “पुरे आता, मला उचलून तुमच्या पाठीचं मात्र व्हायचं काहीतरी.” त्यानंतर तिला कुणी उतरवलं नाही. ती आता खिडकीकडे पाठ करून झोपते, कारण त्या कुशीवर दुखत नाही. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, पाणी गरमच असतं तर मुलांना पाठवू का? भाऊजी म्हणाले, पाठवा. मुलं आली, पण ताईच्या खोलीतून आवाज नाही म्हटल्यावर काय कोण जाणे, हळूहळू यायची बंद झाली.

सोलर मात्र उत्तम चाललंय. ऊन पडलं की पंप आपला आपण सुरू होतो, पाणी छपरावर जातं, तापतं आणि परत येतं. एक दिवस खंड नाही. तीन पिंपं मी कापून कुंड्या केल्या. थर्मामीटर भाऊजींनी लॅबला देऊन टाकले. मला वाटलं, एखादा तरी ठेवतील.

रविवारी मी गेलो की आधी तलावावर जातो, कागद बाजूला करतो आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घालतो. भाऊजी मागच्या दारात टॉवेल घेऊन उभे असतात.

“कसं आहे?” ते विचारतात.

परवा मी म्हणालो, “ठीक आहे.”

मी थांबलो. त्यांनी पुढे विचारावं म्हणून थांबलो. आकडा माझ्याकडे तयार होता.

“बरं,” भाऊजी म्हणाले, मला टॉवेल दिला, आणि ताईची कूस बदलायची वेळ झाली होती म्हणून आत गेले.